सतरा नंबरची गाडी

रघु मुकादम तांबड्या रंगाचा डबा घेऊन अंगणात उभा राहिला, तेव्हा नवशा मागच्या कुडाच्या फटीतून बाहेर पडला आणि खळ्यावर जाऊन पेंढ्याआड बसला. गंगीनं त्याला जाताना पाहिलं. बारा वर्षांच्या संसारात नवऱ्याची पाठ तिला तोंडापेक्षा जास्त ओळखीची झाली होती. नवशा असा पळाला, की समजायचं, तो कुणाला तरी ‘हो’ म्हणून बसलाय.

या खेपेला तो दोघांना ‘हो’ म्हणून बसला होता. आठ दिवसांपूर्वी रघुला सांगून आला होता, की गाडी यंदा लाकडाच्या ठेक्याला बांधतो. आणि कालच मोखाड्याच्या भातवाल्याला सांगून आला होता, की यंदाही गाडी सुटीच आहे, हाक मारा, येतो.

दिवाळीतली वाघबारस होऊन चार दिवस झाले होते. वाघबारस झाली की जव्हार संस्थानच्या रानातून सागाचे ओंडके निघायला लागत. त्या साली वांगणीकडचं रान डहाणूच्या एका ठेकेदारानं घेतलं होतं आणि ओंडके जव्हारच्या वखारीत पोचवायला त्याला बावीस गाड्या हव्या होत्या. एकवीस मिळाल्या होत्या; सतरा नंबर अजून रिकामा होता. रघु त्याचा मुकादम, आणि गाडी एक कमी पडली म्हणून ठेकेदाराच्या शिव्या खाणारा माणूसही तोच. म्हणून तर तो रंग घेऊन स्वतः चालत आला होता.

“नवशा कुठं हाय?” त्यानं विचारलं.

“खळ्यावर,” गंगी म्हणाली. “पेंढा मोजतोय.”

पेंढा कुणी मोजत नाही हे रघुलाही ठाऊक होतं. तो ओट्यावर बसला.

गंगीला हा माणूस आलेला आवडला होता. घरात ठेक्याच्या बाजूची ती एकटीच. ठेक्यात रोजचं काम होतं, वैरण ठेकेदाराची, चाकाचं वंगण ठेकेदाराचं, आस मोडला तर नवा आसही त्याचाच. पण गंगीचं मन यातल्या कशावर बसलं नव्हतं. ठेक्याची एक अट होती, तिच्यावर ते बसलं होतं. गाडीत ओंडक्याशिवाय दुसरं काही घ्यायचं नाही, माणूस तर नाहीच नाही.

नवशाची गाडी सुटी होती म्हणजे ती सगळ्या मुलखाची होती. वाटेत कुणी हात वर केला की नवशा थांबायचा. गेल्या साली मोखाड्याला भात पोचवायला गेला तो पाचव्या दिवशी परत आला. जाताना कुणाची तरी सून माहेरी सोडली. माहेरच्यांनी जेवायला ठेवून घेतलं. मग त्यांच्याकडचा तारपा वाजवणारा एका लग्नाला निघाला होता, त्याला नेलं; लग्नात तारपावाला दमला म्हणून उजाडेपर्यंत थांबला. येताना एक भगत, त्याचा बकरा आणि बकऱ्याचा मालक, तिघांना घेऊन आला, आणि ते तिघं एकमेकांशी बोलत नव्हते म्हणून तिघांना तीन वाटांनी सोडून आला. पाच दिवसांची कमाई म्हणून गंगीच्या हातात त्यानं एक लाल भोपळा ठेवला. तोही चांगला नव्हता.

त्याला ‘नाय’ म्हणता येत नव्हतं. ठेक्याची गाडी झाली की तो शब्द मुकादम म्हणेल, आपला नवरा नुसता हाकेल, असं गंगीनं ठरवून टाकलं होतं.

पण गाडी एकट्या नवशाची नव्हती. दोन पावसाळ्यांपूर्वी सासरा पोश्या गेला, तेव्हा जाताना त्यानं हौश्या नावाचा बैल थोरल्या नवशाला दिला आणि चांद्या धाकट्या जिवाला. “एका बैलावर कोण वेगळं निघत नाय,” म्हणाला आणि कुशीवर वळला. गाडी तर दोघांचीही नव्हती. ती लाडक्यानं बनवलेली. लाडक्या म्हणजे नणंद तानीचा नवरा, घरजावई, हाताचा सुतार. सासऱ्याच्या अंगणात बसून तीन वर्षं त्यानं ती गाडी घडवली होती आणि अजूनही येता-जाता चाकावरून हात फिरवायचा. तेव्हा बैल दोघांचे, गाडी तिसऱ्याची, आणि तिघांच्या बायका तीन दिशांच्या.

रघुनं डबा उघडला आणि रंगाचा वास सुटला, तसे सगळे आपोआप अंगणात जमले.

पहिला लाडक्या आला. गाडीवर नंबर घालायचा म्हणजे नेमका कुठं, असं त्यानं विचारलं. रघुनं फळीवर बोट ठेवलं. लाडक्या खाली बसला आणि त्या फळीला पाठ लावून म्हणाला, “हिला रंग फासायचा तर आधी माझ्या तोंडाला फास.” रघु म्हणाला, तुझ्या तोंडावर सतरा नंबर घालून मला काय मिळेल? लाडक्यानं त्यावर बराच विचार केला, पण उठला नाही.

मग जिवा आला. ठेक्याच्या बैलांची शिंगं तांबडी रंगवतात हे त्यानं ऐकलं होतं. माझ्या चांद्याच्या शिंगाला हात लावायचा नाय, एवढंच बोलून तो चांद्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला. चांद्या मोठा देखणा बैल, कपाळावर पांढरा चांद, आणि जिवा त्याच्याकडे बघायचा तसा चिमीकडेही बघत नसे, असं चिमीचं म्हणणं.

चिमी म्हणजे जिवाची बायको. तिचं माहेर वांगणीचं. ठेक्याची गाडी रोज वांगणीलाच जाणार म्हटल्यावर ती आधी हरखली. मग माणूस घेणार नाहीत हे कळल्यावर खवळली. “गाडी रोज माझ्या आईच्या दारावरून जाणार, बैल माझ्या आईला भेटणार, आणि मी इथं,” असं म्हणून तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. गंगी समजूत घालायला गेली, तर चिमी म्हणाली, जाऊबाई, तुझं माहेर हाकेवर आहे, तुला काय.

तानीनं मात्र एका सकाळीत तीनदा बाजू बदलली. नवा आस ठेकेदार देणार, म्हणजे नवऱ्याची मेहनत वाचली, म्हणून ती गंगीकडे येऊन बसली. नवा आस दुसऱ्या सुताराच्या हातचा असेल हे लाडक्यानं बसल्या जागेवरून सांगितलं, तेव्हा उठून चिमीकडे गेली. शिमग्याला ठेकेदार प्रत्येक गाडीमागं एक लुगडं देतो असं रघु म्हणाला, तेव्हा परत गंगीकडे आली. मग एका गाडीमागं एकच लुगडं आणि घरात बायका तीन, हे तिघींच्याही एकदम ध्यानात आलं. तिघी थोडा वेळ एकमेकींच्या लुगड्याकडे बघत राहिल्या.

शेवटी गंगी खळ्यावर गेली आणि नवशाला घेऊन आली. त्याच्या डोक्यात पेंढा होता. तो सगळ्यांच्या मधोमध बसला. लाडक्या बोलला, तेव्हा त्यानं मान हलवली. जिवा बोलला, तेव्हा हलवली. चिमीचं तर त्याला इतकं पटलं की डोळ्यांत पाणी आलं. मग रघु म्हणाला, ठरल्याप्रमाणे ना? आणि नवशा म्हणाला, हो तर.

दुपारपर्यंत हे चाललं. भूक लागल्यावर रघुनंच तोड काढली. एकच खेप करू. फळीला रंग नको, नंबराची पाटी दोरीनं लटकवू. जिवाच्या बैलाला हात लावत नाही, नवशाच्या बैलाची शिंगं रंगवतो. परवा वांगणीहून ओंडके भरायचे, जव्हारला उतरवायचे, आणि तिथं वखारीच्या दारात हो का नाही ते सांगायचं. ते सगळ्यांना मान्य झालं, कारण निकाल दोन दिवस पुढं गेला होता.

हौश्याची शिंगं रंगली. एक बैल तांबड्या शिंगांचा नि एक साधा, अशी जोडी शेजारी उभी राहिली, तेव्हा लाडक्या म्हणाला, “एक नवरदेव वाटतो, दुसरा करवला.”

तिसऱ्या दिवशी दोघं भाऊ निघाले, तेव्हा गंगीही निघाली. वाटेत नवशा आणखी कुणाला शब्द देऊन बसेल, हे भय होतं. वांगणीला ओंडके भरून झाल्यावर रघुनं तिला अडवलं. ठेक्याच्या गाडीवर बाई बसत नाही, म्हणाला.

“बसत नाय. चालते,” गंगी म्हणाली. “रस्ता काय ठेक्याचा हाय?”

अशी ती गाडीमागून चालू लागली. नवऱ्याचा बैल, दिराचा बैल, नणंदेच्या नवऱ्याची गाडी, आणि आपण मागून धूळ खात. हे ठरवताना आपल्या ध्यानात कसं आलं नाही, याचा विचार करायला तिला वांगणीपासून दाभोशापर्यंतची सगळी वाट मिळाली.

बावीस गाड्यांची रांग होती. सतरा नंबरची गाडी मागून सहावी. आणि तो दिवस जव्हारच्या बाजाराचा होता. हे रघुच्या लक्षात आलं नव्हतं. आलं असतं तरी त्यात काय बिघडेल हे त्याला तेव्हा कळलं नसतं.

दाभोशाच्या अलीकडे हिरी नावाची बाई कंदाची टोपली घेऊन रस्त्याकडेला उभी होती. तिनं सवयीनं हात वर केला. हौश्या थांबला. तो थांबला म्हणून चांद्या थांबला, आणि मागच्या पाच गाड्याही थांबल्या. नवशानं जीभ टाळूला लावून आवाज केला. जिवानं खाली उतरून शेपूट पिरगाळलं. हौश्या तांबडी शिंगं हलवून हिरीकडे बघत राहिला. हिरी ओंडक्यावर चढली, टोपली मांडीवर घेतली, आणि हौश्या चालू लागला.

इतकी वर्षं हात वर झाला की गाडी थांबायची आणि माणूस बसलं की निघायची. नवशाला तो रिवाज वाटत होता, हौश्याला तेच गाडीकाम वाटत होतं.

रघु पुढून पळत आला. हिरीला म्हणाला, ही ठेक्याची गाडी आहे. हिरी म्हणाली, “मग नवशा कशाला हाकतोय?” रघुनं तिला उतरवलं. हौश्या थांबला. तिला परत बसवावं लागलं.

त्यापुढं मैलभरात काळ्या नावाचा म्हातारा कोंबड्यांची खुराडी घेऊन चढला. त्यानंतर माघ्या आणि त्याची बायको माघी चढली, त्यांचं भांडण चालू होतं, ते त्यांनी ओंडक्यावर बसून पुरं केलं. हात वर न करता नुसत्या उभ्या असलेल्या एका बाईसाठीही हौश्या थांबला. ती जव्हारला जाणार नव्हती, शेळी शोधायला आली होती. पण ती चढेपर्यंत बैल हलेना, म्हणून रघुनं हात जोडून तिला चढवलं, आणि पुढच्या वळणावर उतरवायला गेला तर ती म्हणाली, आता निघालेच आहे तर बाजार करून येते.

शेवटी रघुनं एक युक्ती काढली. तो गाड्यांच्या पुढं पळत जाऊ लागला आणि रस्त्यावर जो दिसेल त्याला झाडाआड लपायला सांगू लागला. जव्हारच्या वाटेवर त्या दिवशी सागाच्या प्रत्येक बुंध्याआड एक-दोन माणसं दबून उभी होती. कुणी म्हणे वाघ निघालाय, कुणी म्हणे राजेसाहेबांची स्वारी येतेय. मग नक्की काय हे बघायला सगळ्यांनी एकदम डोकी बाहेर काढली आणि हौश्या चार वेळा थांबला.

मागच्या गाडीवाल्यांनी आधी शिव्या दिल्या, मग चिलीम पेटवली. गाडीवर सात माणसं, तीन टोपल्या आणि कोंबड्या झाल्या होत्या. सगळी गंगीला वरून विचारत होती, तू का चालतेस? गंगीच्या पायाला फोड आले होते. तिला हसू येत होतं नि रागही येत होता, आणि राग कुणावर काढावा हे ठरत नव्हतं. नवशा पुढं बसून मान खाली घालून हाकत होता. पण मधूनच त्याचे खांदे हलत, आणि पाठ ओळखीची असल्यामुळं तिला कळत होतं, की तो हसतोय.

वखारीच्या दारात गाडी पोचली, तेव्हा दुपार कलली होती. माणसं उतरून बाजाराला गेली, ओंडके उतरले. रघुचा घसा बसला होता. तो चाकाला टेकून बसला, थोडं पाणी प्यायला आणि म्हणाला, हा बैल मला ठेक्यात नको.

गंगीला वाटलं, झालं, मिटलं. पण रघुला अजूनही बावीसच गाड्या हव्या होत्या. त्यानं चांद्याकडे पाहिलं आणि मग जिवाला जवळ बोलावलं.

“तुझा बैल चांगला हाय. त्याच्या जोडीला ठेक्याचा बैल देतो,” तो म्हणाला. “ठेक्याच्या वहीत गाडी तुझ्या नावावर लिहितो. हौश्याला घरी ठेव. शिंगं नको रंगवू, जा.”

 जिवा चांद्याची मान खाजवत उभा राहिला. परवा अंगणात चांद्याच्या शिंगाला हातही लावू न देणारा जिवा. पण गाडी त्याच्या नावावर लिहितो असं आजवर त्याला कुणी म्हणालं नव्हतं. जन्मभर तो नवशाचा धाकटा आणि अर्ध्या जोडीचा मालक होता. त्याच्या डोळ्यांत काहीतरी हललं, ते गंगीनं पाहिलं, आणि ती धास्तावली. एक बैल ठेक्याचा आला की चांद्याला हौश्याची गरज उरणार नव्हती. सासऱ्यानं बांधलेली गाठ रघुनं न कळत सोडवली होती.

तिनं तोंड उघडलं. बारा वर्षं तिला हेच हवं होतं, की नवऱ्याच्या वतीनं कुणीतरी नाही म्हणावं. मग आपणच म्हणावं. पण जिवाला ‘नाय’ म्हणायचा वहिनीला काय अधिकार? तिनं नवशाकडे पाहिलं. तो सवयीनं मान हलवायला लागेल, असं तिला वाटलं.

नवशा गाडीवरून उतरला. रघुपाशी गेला. त्याचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. 

“नाय,” तो म्हणाला.

इतक्या हळू म्हणाला, की रघुनं कान पुढं केला.

“नाय,” नवशा पुन्हा म्हणाला, आणि या वेळी एवढ्या मोठ्यानं, की वखारीतली दोन माणसं बाहेर आली.

रघु म्हणाला, मी तुला विचारलंच नाही. बैल जिवाचा, विचारलं जिवाला.

“बैल त्याचा हाय. गाडी लाडक्याची हाय,” नवशा म्हणाला. “नाय एवढं माझं हाय.”

रघुनं जिवाकडे पाहिलं. जिवा कितीतरी वेळ चांद्याची मान खाजवत राहिला. मग खाली वाकला, दोरी सोडली आणि सतरा नंबरची पाटी रघुच्या हातात दिली.  पाटी काखेत घालून रघु बाजारात दुसरी गाडी शोधायला गेला.

परतीच्या वाटेला गंगी गाडीत बसली. पाय पुढं पसरले. गाडी रिकामी होती, पण जव्हारची वेस ओलांडेपर्यंतच. पहिला हात वर झाला तो काळ्या म्हाताऱ्याचा. कोंबड्या सगळ्या विकल्या गेल्या नव्हत्या. “नाय,” नवशा त्याला म्हणाला. हौश्या थांबला होता. म्हातारा “बरं बरं” म्हणत चढला. पुढं हिरी होती. “नाय,” नवशा म्हणाला. ती चढली. शेळीवाल्या बाईला तर त्यानं दोनदा ‘नाय’ म्हटलं, नुसती त्या शब्दाची चव घ्यायला, आणि तिला वर यायला हात दिला.

दाभोशापर्यंत गाडीतली माणसं एकेक उतरून गेली, तेव्हा जिवानं घसा साफ केला.

“दादा, मी हो म्हणणार होतो.”

“म्हाईत हाय,” नवशा म्हणाला. “म्हणून तर घाईघाईनं बोललो. नायतर मला कुठं जमतं?”

जिवा हसला नाही. पण थोड्या वेळानं त्यानं नवशाच्या हातातला कासरा घेतला, आणि नवशानं तो दिला. मग नवशा मागं सरकून गंगीशेजारी येऊन बसला आणि तिच्या पायांचे फोड बघू लागला.

“उद्या मोखाड्याला भात न्यायचा हाय,” तो म्हणाला. “तू येतेस?”

गंगीला हो म्हणायचं होतं. पण घरात दळण होतं, चिमीला माहेरच्या दारावरून गाडी गेली ते अजून सांगायचं होतं, आणि पाय दुखत होते.

“नाय,” ती म्हणाली.

नवशानं मान हलवली, अगदी मनापासून, आणि म्हणाला, मग उजाडताच निघू.